कागदाच्या पाठीवरचा शेरा

माझ्याकडं फरसाणाचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. फरसाण दोन दिवसांत संपलं आणि गेली कित्येक वर्षं त्यात खोडरबरं आहेत. पांढरी, हिरवी, अत्तराच्या वासाची, आंब्याच्या आकाराची, एक तर चक्क क्रिकेटच्या बॅटसारखं. माझ्या चित्रकलेच्या वर्गात जो नवीन येईल त्यानं पहिल्या दिवशी आपलं रबर या डब्यात टाकायचं आणि महिन्यानं परत न्यायचं, असा नियम आहे. महिन्यानं निम्म्या मुलांना रबराची आठवणच राहिलेली नसते. त्यामुळं डबा भरत चालला आहे.

एकतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. पहिली चार हिमायतनगरला, उरलेली सगळी उदगीरला. निवृत्त झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत दर रविवारी वर्ग घेते. नोकरीचा बाकी इतिहास सांगत बसत नाही. कोणत्या साली कोण मुख्याध्यापक होते आणि त्यांनी चित्रकलेचा तास गणिताला कसा देऊन टाकला, यात वाचणाऱ्याला काय गोडी? त्या मुख्याध्यापकांची नावं मला अजून पाठ आहेत, पण जाऊ द्या. सांगायचं आहे ते एकाच कामाबद्दल. नवशिक्यानं काढलेली साधी रेघ, साधं वर्तुळ, साधा तांब्या बघायचा आणि त्याला काय सांगायचं ते ठरवायचं. फार थोड्या गोष्टी मला येतात. माझ्या स्वयंपाकाबद्दल घरचे बोलतातच. पण हे काम मला येतं आणि त्याचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझे दीर एकदा म्हणाले होते, "वहिनी, रेघेत तपासायचं काय असतंय? एक तर सरळ, न्हाई तर वाकडी."

दीर बँकेत होते, त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण रेघ वाकडी आली हे तर ती काढणाऱ्यालाही दिसतं. तेवढं सांगायला शिक्षक कशाला? सांगायचं असतं ते हे, की ती का वाकडी आली. पानभर रेघा मारायला दिल्या की त्या पानावर माणसाचा सगळा हात उमटतो. मनगटावरून मारलेली रेघ धनुष्यासारखी वर उचलते. कोपरावरून मारलेली जरा लांब जाते आणि मग वळते. खांद्यावरून मारलेली सरळ जाते, पण खांदा हलवायला लोक लाजतात. जो पेन्सिलीच्या टोकाकडं बघत रेघ ओढतो त्याची रेघ थरथरते. जो पोचायच्या ठिकाणाकडं बघतो, त्याची पोचते. नवशिका सुरुवातीला दाब देतो आणि शेवटी पेन्सिल उचलतो, त्यामुळं त्याच्या रेघेचं एक टोक जाड असतं आणि दुसरं उंदराच्या शेपटीसारखं. रेघ कुठून निघाली आणि कुठं गेली हे त्यावरून कळतं. हे जाड टोक लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

तांब्याचं तर विचारूच नका. लहान असो, मोठा असो, डॉक्टर असो, प्रत्येक नवशिका तांब्याचं तोंड छान लंबगोल काढतो आणि बूड मात्र फूटपट्टीनं मारल्यासारखं सपाट. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. "मॅडम, बूड सपाट नसलं तर तांब्या लवंडंल की!" उत्तर चुकीचं म्हणता येत नाही. फक्त डोळ्याला दिसतं ते सोडून डोक्याला माहीत असलेलं काढलेलं असतं. मी तेव्हा समजावत बसत नाही. तांब्याच्या बुडाला ओलं कुंकू लावते, फरशीवर टेकवते आणि उचलते. फरशीवर गोल उमटतो. "आता इथं बसून ह्या गोलाकडं तिरकं बघ," म्हणते. पुढच्या तांब्याचं बूड आपोआप वळतं. फरशी पुसायचं काम मात्र माझ्याकडं येतं.

सगळ्यांना हे पटतं असं नाही. एक बाई मुलीची वही घेऊन तणतणत आल्या. "दोन महिने झाले, नुसत्या रेघाच! एक मोर न्हाई, एक कमळ न्हाई."

मी म्हटलं, "ताई, पोळीच्या आधी कणीक मळावी लागते का नाही?"

"मळावी की. पण दोन महिने मळत बसलं तर लेकरं उपाशी मरतेत!"

पुढच्या रविवारी पोरीला मोर काढायला दिला.

माझ्या कामाचे आणखी दोन नियम आहेत. मुलाच्या चित्रावर मी माझी पेन्सिल कधी टेकवत नाही. शिक्षकानं दोन रेघा सुधारून दिल्या की चित्र सुधारतं, मूल आहे तिथंच राहतं. कागदाची पुढची बाजू त्याची, पाठ माझी. जे काही सांगायचं ते मी कागद पालथा करून पाठीवर लिहिते. आणि दुसरा नियम, तिथं 'छान' हा शब्द लिहायचा नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी प्रत्येक कागदावर 'छान' लिहीत असे. हिमायतनगरच्या शाळेत एका मुलीनं शांतपणे विचारलं, "मॅडम, ह्याच्यात छान काय हाय?" मी कागद पुन्हा पाहिला. मला सांगता येईना. मी तो न बघताच शेरा मारला होता. त्या दिवसापासून हा शब्द बंद. बरं असेल ते नेमकं लिहायचं, चुकलं असेल तेही नेमकं लिहायचं आणि उद्या काय करायचं ते सांगायचं. पालकांना मी खडूस वाटते. वाटू दे.

हा नियम मी एकदाच मोडला. ती गोष्ट सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले आहे.

बळीराम पेंटर उदगीरमध्ये कुणाला माहीत नाहीत? मोंढ्यातल्या आडत दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरचे 'आई-वडिलांचा आशीर्वाद' त्यांचेच. माझ्या शाळेतल्या खोलीवर 'चित्रकला' ही अक्षरं त्यांनी लिहिली होती आणि त्यातल्या 'त्र'कडं बघत मी कितीतरी ऑफ तास घालवले आहेत. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम निम्म्यावर आलं, तरी ट्रॉलीवाले आणि हाताचंच अक्षर पाहिजे म्हणणारे जुने दुकानदार त्यांना सोडत नव्हते. मग एका दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. उजवा हात गेला तो गेलाच.

गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी ते माझ्या दारात उभे. उजवा हात पोटाशी धरलेला, काखेत नवीन वही.

"मॅडम, रेघ मारायला शिकवा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हटलं, "पेंटर, रेघ तुम्ही मला शिकवायची."

"ती ह्याला येत होती." त्यांनी उजव्या हाताकडं मान हलवली आणि डावा पुढं केला. "ह्याला काय बी येत न्हाई. हे आजच पहिलीत घातलंय बगा."

मग बसल्यावर खरं काय ते सांगितलं. त्यांची मुलगी मीनाक्षी शिवणकाम शिकली होती, चार वर्षं दुसऱ्याकडं कपडे शिवत होती. येत्या दसऱ्याला ती देगलूर रोडला स्वतःचं दुकान टाकणार होती.

"ती म्हणती फ्लेक्स करू. मी म्हणलं, बळीराम पेंटरच्या पोरीच्या दुकानावर फ्लेक्स? गाव हसंल. पाटी मीच लिहिणार हाय. दसऱ्यापर्यंत ह्या हाताला सरळ रेघ आली पायजे."

रेघच का, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आपल्या अक्षरांच्या डोक्यावरून एक रेघ जाते. वहीत ती बोटभर असते. सहा फुटी पाटीवर ती जवळजवळ सहा फूट असते. दोरीनं खडूची खूण करून घेता येते, पण रंगाचा ब्रश त्या खुणेवरून हातानंच न्यावा लागतो. पेंटर म्हणत, "अक्षर कितीबी देखणं असू द्या, वरची रेघ हलली की पाटी दारू पिल्यावानी दिसती." मी म्हटलं, कडेनं टेप चिकटवून रेघ मारतात ना हल्ली? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषय बदलला.

सातवी-आठवीच्या मुलांमध्ये ते पाटावर मांडी घालून बसले. एका पोरीनं डबा पुढं केला, "काका, रबर जमा करा."

"आमच्या धंद्यात रबर नसतंय, माय. चिंधी असती." त्यांनी खिशातून रॉकेलच्या वासाची एक चिंधी काढली आणि डब्यात टाकली. अत्तराच्या सगळ्या रबरांना तो वास आठवडाभर पुरला.

मग सुरू झालं. आठवडाभर ते घरी रेघा मारायचे, रविवारी कागद आणायचे, मी पाठीवर लिहायची. त्यातले काही शेरे मला आठवतात. 'पहिल्या वीस रेघांत हात घाबरलेला आहे. नंतर हाताला राग आला आहे. राग चालेल, दाब कमी करा.' दुसऱ्या महिन्यात, 'मंगळवारच्या पानावर थरथर नाही. मंगळवारी काय केलंत ते आठवा.' ते कागद पालथा करून पुटपुटत वाचायचे आणि खुदकन हसायचे. मंगळवारी काय केलं होतं? बायकोशी भांडण. "मग रोज भांडतो," म्हणाले.

ज्या माणसाच्या अक्षराकडं मी पंचवीस वर्षं मान वर करून बघितलं, त्याला रेघेबद्दल शेरा लिहिताना सुरुवातीला माझा हात जड व्हायचा. पण त्यांनी एकदाही मोठेपणा मध्ये आणला नाही. पोरं वर्तुळाला कंटाळायची तेव्हा हे त्यांना दटावायचे, "मॅडमनी शंभर म्हणलंय तर शंभर काढा. नव्व्याण्णवाला सोडलं तर शंभरावं कोण काढणार, तुमचा बाप?"

जून-जुलैपर्यंत थरथर गेली. पण एक दुखणं हटेना. रेघ निम्म्यापर्यंत सरळ जायची आणि पुढं खाली उतरायची. प्रत्येक रेघ. मी लिहायची, 'निम्म्यानंतर घसरते. शेवटच्या टोकाकडं बघा. डावीकडून उजवीकडं, खांद्यावरून, एका दमात.' पुढच्या रविवारी तेच, मी पुन्हा तेच लिहायची. श्रावण आला तरी रेघ उतरतच होती. पेंटरांचं हसणं बंद झालं. कागद वाचून गप घडी घालायचे.

एका दुपारी मीनाक्षी घरी आली. तिला मी पहिल्यांदाच नीट बघत होते. ठेंगणी, बोलण्यात चटपटीत.

"मॅडम, अण्णा तुमचा कागद घरी आणून सगळ्यांना वाचून दाखवायचे. आता कुणाला दाखवतच न्हाईत. जेवण कमी झालंय. मला फ्लेक्स चालंल वो, मी त्यांना म्हणले बी, तर दिवसभर बोलले न्हाईत." तिनं पदरानं डोळे पुसले. "एकदा तरी बरं लिहा की. मला तेवढंच पायजे."

लेकीचं ते तोंड बघून माझं मन विरघळलं. त्या रविवारी पेंटरांच्या रेघा नेहमीसारख्याच होत्या, निम्म्यानंतर खाली. मी कागद पालथा केला आणि लिहिलं, 'छान. चांगली प्रगती.' माझंच अक्षर मला परकं वाटलं.

त्यांनी वाचलं. कागद उलटून रेघांकडं बघितलं. पुन्हा पाठ वाचली. मग कागदाची चार घड्या घातल्या, खिशात ठेवला, "येतो मॅडम" म्हणाले आणि गेले. पुढच्या रविवारी त्यांचा पाट रिकामा. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. मोंढ्याच्या मागं दोन खोल्या. ते बाजेवर बसले होते. मला बघून उठू लागले, मी बसवलं. मीनाक्षीनं चहा ठेवला.

"वर्गाला का येईनात, पेंटर?"

"काय करायचंय येऊन?" ते खाली बघत म्हणाले. मग खिशातून तो कागद काढला, अजून खिशातच होता. "पाच महिने तुम्ही एकदा बी छान लिहिला न्हाईत. कायतरी चूकच काढलाव. मला वाटलं, बाई चूक काढती म्हणजे तिला अजून आशा हाय. आणि परवा हे लिहिलाव." त्यांनी कागद बाजेवर ठेवला. "डॉक्टर म्हणतो ना घरच्यांना, आता पेशंट काय मागंल ते खाऊ घाला. मग घरच्यांनी समजून घ्यायचं असतंय. मी बी समजून घेतलो."

मीनाक्षी स्टोव्हपाशी तशीच उभी राहिली. मला फार लाज वाटली. हिमायतनगरच्या त्या मुलीनंतर कुणी माझ्या शेऱ्याची अशी चूक काढली नव्हती, आणि ती शंभर टक्के बरोबर होती. मीनाक्षीवर ढकलता आलं असतं. ढकललं नाही. म्हटलं, "खोटं लिहिलं मी. तुमच्या रेघेत त्या दिवशी काहीच छान नव्हतं. निम्म्यानंतर घसरत होती, आजही घसरत असेल. दाखवा बघू."

"मारल्याच न्हाईत."

"मारतेत की," मीनाक्षी म्हणाली. "खाटंखाली गठ्ठा हाय."

तिनं बाजेखालून जुन्या कॅलेंडरच्या पानांचा गठ्ठा ओढला. पेंटर "राहू दे, राहू दे" म्हणत राहिले. मी चष्मा लावला आणि एकेक पान बघू लागले. तेच. निम्म्यापर्यंत सरळ, मग खाली. पुढचं पान, तेच. आणि मग मध्येच एक पान आलं, त्यावरच्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. त्याखाली आणखी तीन पानं तशीच. दोरी ताणल्यासारख्या रेघा.

मी पान उजेडाकडं नेलं. जाड टोक उजवीकडं होतं, उंदराची शेपटी डावीकडं.

"ह्या कशा मारल्या?"

पेंटर चोरी पकडल्यासारखे गोंधळले. "त्या उलट्या हायत, मॅडम. उजवीकडून डावीकडं. तुम्ही दर कागदावर लिहिलाव डावीकडून उजवीकडं. त्या आपल्या हाताला खाज आली म्हणून मारल्या. तुम्हाला दाखवायच्या नव्हत्या."

मी बाजेवर बसल्या बसल्या हवेत डावा हात फिरवून बघितला. उजवा हात डावीकडून उजवीकडं जाताना उघडत जातो. डावा हात त्याच दिशेनं नेला तर निम्म्यावर अंगाला येऊन अडतो, आणि अडला की खाली घसरतो. इतकी साधी गोष्ट. एकतीस वर्षं मी फळ्यावर डावीकडून उजवीकडं बाण काढून रेघा शिकवल्या आणि हा विचार एकदाही डोक्यात आला नाही. डावखुरी मुलं माझ्यापर्यंत फारशी पोचतच नसत, घरीच हातावर फटके मारून उजवी केलेली असत.

पण एक पोचली होती. हिमायतनगरला, शोभा. 'ह्याच्यात छान काय हाय?' असं विचारणारी तीच. ती लपूनछपून डाव्या हातानं काढायची. तिच्या छटेच्या रेघा इतरांपेक्षा उलट्या बाजूला झुकलेल्या असायच्या आणि मी कागदाच्या पाठीवर दर वेळी नेमकं लिहायची, 'छटा उलटी. दिशा सुधारा.' पुढं पुढं तिनं उजव्या हातानं काढायला सुरुवात केली. चित्र मरगळलं. दुसऱ्या वर्षी ती तासाला मागच्या बाकावर जाऊन बसली. मला वाटलं, पोरीची गोडी गेली. गोडी गेली नव्हती, मी घालवली होती. ती आता कुठं आहे मला माहीत नाही. तिची माफी मागायची राहिली आहे, ती बहुधा राहणारच.

पेंटर मात्र समोर होते. मी त्यांच्या लेकीसमोर म्हणाले, "पेंटर, तुमच्या हाताची चूक नाही. माझी आहे. पाच महिने मी तुम्हाला उलटं शिकवलं. सुलटं तुम्ही मला चोरून मारत होता."

ते पुढं सरकून बसले. मग विचारलं, "म्हणजे येतीय?"

"कधीची येतेय. हे घ्या." मी त्यातलं एक सरळ रेघांचं पान पालथं केलं आणि पेन काढलं. 'रेघ सरळ आहे. उजवीकडून डावीकडं, हीच तुमची दिशा. पाचवी आणि नववी रेघ घाईत मारली आहे. आता ब्रश घ्या.'

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. पाचव्या रेघेपाशी अडले, उलटून पाचवी रेघ बघितली आणि म्हणाले, "हाव की, घाईच झाली." मीनाक्षी तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती.

दसऱ्याला महिनाभर उरला होता. त्या महिन्यात मी त्यांना काही शिकवलं असं म्हणणार नाही. एकदा दिशा सापडल्यावर ते पेंटर होते आणि मी बघणारी. डाव्या हातानं डावीकडून लिहीत गेलं तर आधीची ओली अक्षरं हातानं पुसली जातात, म्हणून त्यांनी पाटी शेवटच्या अक्षरापासून लिहायची ठरवली. आधी सगळी अक्षरं खडूनं आखायची, मग रंगाला उजव्या टोकापासून लागायचं. शेवटचं अक्षर पहिलं, पहिलं शेवटी. चाळीस वर्षं अक्षरं हाताखालून गेल्याशिवाय हे जमत नाही.

खंडेनवमीला ब्रश पूजेत ठेवायचे असतात, त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. म्हणून अष्टमीलाच पाटी पुरी व्हायला हवी होती. मला बोलावणं आलं. अंगणात दोन खुर्च्यांवर पत्र्याची पाटी उभी, मागचा रंग पिवळा, त्यावर लाल अक्षरांत 'मीनाक्षी लेडीज टेलर'. अक्षरं झाली होती. वरची रेघ माझ्यासाठी ठेवली होती.

त्यांनी ब्रश भरला, डब्याच्या कडेला निथळला, उजव्या टोकाला टेकवला. नजर डाव्या टोकाला. आणि निघाले. ब्रशबरोबर पाऊल बाजूला टाकत, श्वास रोखून. मीही रोखला होता. 'र', 'ल', 'टे' मागं पडले. 'लेडीज' मागं पडलं. निम्मं गेलं. मी निम्म्यावरच बघत होते, तिथं रेघ हलली नाही. 'क्षी' गेलं, 'ना' गेलं. अगदी शेवटी, 'मी'च्या डोक्यावर, दमलेला हात ज्वारीच्या दाण्याएवढा खाली आला आणि रेघ संपली.

पेंटर मागं सरकले. त्यांनाही दिसलं होतं. मीनाक्षीनं पटकन कापडाचा तुकडा पुढं केला, "पुसून घ्या अण्णा, ओलंच हाय."

"न्हाई. मॅडमच्या वर्गात पुसायचं नसतंय."

दसऱ्याच्या सकाळी मी आपट्याची पानं घेऊन दुकानावर गेले. पाटी अजून लावली नव्हती. बाजेवर जुनं लुगडं अंथरून ती पालथी ठेवली होती. शेजारी शिडी घेऊन माणूस उभा. पेंटरांनी माझ्या हातात बारका ब्रश आणि काळ्या रंगाची डबी दिली.

"लिवा."

"काय?"

"कागदाच्या पाठीवर लिवता ते. शेरा दिल्याबिगर कशी लावायची?"

आजूबाजूचे लोक बघत होते. अशा दिवशी, अशा पाटीवर चूक लिहायची? पण ज्या माणसानं एका 'छान'पायी तीन आठवडे वर्ग सोडला, त्याच्या पाटीवर मी दुसरं काय लिहिणार? आयुष्यात पहिल्यांदाच मी पत्र्यावर ब्रशनं लिहीत होते. 'वरची रेघ सरळ. शेवटी मी-वर दाण्याएवढी उतरली आहे. क्ष-चं पोट दबलं आहे. पुढच्या पाटीत सुधारा.' खाली तारीख आणि सही.

पेंटर वाकून बघत होते. आधी म्हणाले, "मॅडम, तुमचा 'र' घसरलाय." लोक हसले, मीही हसले. मग त्यांनी शेरा वाचला, पुटपुटत नाही, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. शेवटच्या ओळीला थांबले. ती पुन्हा वाचली.

"पुढच्या पाटीत."

त्यांनी पालथ्या पत्र्यावरून डावा हात फिरवला, माझा रंग ओला आहे हे विसरून. 'सुधारा'तला एक काना जरा फिसकटला. मग माणसानं पाटी उचलली, शिडीवर चढला आणि ठोकली. पुढची बाजू रस्त्याला, माझी भिंतीला. आजवर मी हजारो कागदांच्या पाठीवर लिहिलं, त्यातले बहुतेक रद्दीत गेले असतील. हा एक शेरा मात्र पक्का ठोकलेला आहे, आणि देगलूर रोडवरून जाताना मी दर वेळी मान वर करून ती पाटी बघते. अभिमानानंच बघते.

आता वर्गात नवीन कुणी आलं की रबर मागायच्या आधी मी विचारते, "कोणता हात?" डावखुऱ्यांच्या पाटावर मी उजवीकडून डावीकडं जाणारा बाण खडूनं काढून ठेवला आहे.

दसरा झाला, त्यानंतरचा पहिला रविवार आला. पेंटरांचं काम झालं होतं, म्हणून त्यांचा पाट मी उचलून ठेवला होता. नऊला फाटक वाजलं. काखेत वही, पोटाशी उजवा हात.

"अहो पेंटर, आता काय राहिलं?"

"तुम्हीच लिवलाव की," ते पाट ओढून घेत म्हणाले. "'क्ष'चं पोट."